बरोबरची खूण

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी दोघातिघांनी फोन करून विचारलं, "काय हो, लिहिणं सोडलंत की काय?" सोडलं नाही. एक गोष्ट लिहायची होती, ती लिहवत नव्हती, आणि तिच्यामुळे बाकीचंही अडून राहिलं होतं.

विषय माईंचा आहे. माई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. घरच्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी लिहिते. वय ८४, आवाज अजून खणखणीत, मधुमेह पंचवीस वर्षांचा आणि ब्लडप्रेशर त्याहून जुनं. एकतीस वर्षं आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात वावरलो. २०२२ साली त्या न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशननंतर आमच्या लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर त्यांना ठेवणं शक्य राहिलं नाही. मुलगा न्यू जर्सीला. आम्ही दोघं सत्तरी ओलांडलेली. शेवटी पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात त्यांची सोय केली. चालत्याफिरत्या माणसांबरोबर अंथरुणाला खिळलेल्यांचंही तिथे करतात. नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत, एवढं पुढचं वाचताना ध्यानात असू द्या.

तर झालं असं. २०२५ ची आषाढी एकादशी ६ जुलैला होती, आणि वार रविवार. माई एरवीच्या एकादश्या आता करत नाहीत, पण आषाढी आणि कार्तिकी सोडत नाहीत. आणि त्यांचा उपास म्हणजे आपल्यासारखा खिचडी-वऱ्याच्या तांदळाचा नव्हे. सकाळपासून फक्त पाणी, आणि दिवेलागणीनंतर कपभर दूध. आश्रमाच्या स्वयंपाकघरात त्यांनी शनिवारीच सांगून ठेवलं होतं, "उद्या माझं ताट लावू नका." स्वयंपाकाच्या बाईंनी ते नीट लक्षात ठेवलं. ताट लावलं नाही.

रविवारी नेहमीच्या सिस्टरची सुट्टी होती. ब्युरोकडून बदली सिस्टर आली होती. साडेआठला ती औषधांचा ट्रे घेऊन फिरली. माईंच्या तक्त्यावर जे होतं ते तिने दिलं. त्यात साखरेची ग्लिमेपिराइडची गोळी होती. दिली, तक्त्यावर बरोबरची खूण केली, सही केली, आणि पुढच्या खोलीत गेली.

मी साडेबाराला पोचले. हातात केळी आणि राजगिऱ्याचे लाडू. माई पलंगावर तिरप्या पडलेल्या, कपाळ ओलं, ब्लाउज पाठीला चिकटलेला. बाहेर पाऊस, हवेत गारवा, आणि बाईला घाम! मी हाक मारली तर माझ्याकडे पाहून "वन्सं" म्हणाल्या. आमच्या वन्सं जाऊन चौदा वर्षं झाली. बोलणं जड, जिभेवर काहीतरी ठेवल्यासारखं. मी आरडाओरडा केला. सिस्टर धावत आली, बोटाला टोचून साखर पाहिली. ४२. सत्तरच्या खाली आली की कमी समजायची, हे मला माहीत होतं.

गिळता येत होतं हे नशीब. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं, ते श्वासनलिकेत जातं. पेलाभर पाण्यात ग्लुकोज पावडर कालवली आणि ओठांशी नेली, तर माईंनी तोंड घट्ट मिटलं. "एकादशी आहे," एवढंच म्हणाल्या. त्या अवस्थेतही! शेवटी मी म्हटलं, "माई, तीर्थ आहे, पंढरपूरचं." तेव्हा तोंड उघडलं.

मग रिक्षा, हॉस्पिटल, शिरेतून ग्लुकोज. एक रात्र ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, वय झालेल्या आणि मूत्रपिंड मंदावलेल्या माणसात या गोळीचा अंमल लांबतो. एकदा साखर वर आणली तरी काही तासांनी पुन्हा घसरू शकते. ही गोळी शरीरातलं इन्सुलिन वाढवते, आणि तुम्ही जेवला आहात की नाही हे ती विचारत नाही. शिवाय माईंना ब्लडप्रेशरसाठी ठोके आवरणारी जी गोळी चालू होती, तिच्यामुळे हातांची थरथर आणि छातीतली धडधड झाकली जाऊ शकते. घाम तेवढा लपत नाही.

माई बऱ्या झाल्या. ते आधीच सांगून टाकते, नाहीतर काही नातलग इथेच फोन उचलतील.

पुतण्याचा रात्री फोन आला. साहजिकच भडकला होता. त्या सिस्टरला काढायला लावा, तक्रार करा, दुसरी जागा पाहा. मीही संतापले होते. पण दोन दिवसांनी आश्रमात जाऊन मी सगळ्यांशी बोलले, तेव्हा राग कोणावर काढायचा तेच कळेना.

कारण त्या सकाळी माईंचा उपास आहे हे किती जणांना माहीत होतं, ते मोजून पाहा. स्वयंपाकाच्या बाईंना माहीत होतं. खोली पुसणाऱ्या मावशींना माहीत होतं. माईंचं अंघोळपाणी करणाऱ्या मावशींना तर माहीत होतंच, त्यांनीच पहाटे तुळशीची मंजिरी आणून दिली होती. शेजारच्या पलंगावरच्या आजींना माहीत होतं. इथे पुण्यात बसून मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त एका माणसाला, ज्याच्या हातात गोळी होती.

आणि मावशींनी सांगितलंही होतं! दहाच्या सुमारास त्या सिस्टरकडे जाऊन म्हणाल्या होत्या, "माई आज वेगळ्याच दिसतायत." सिस्टर नवखी. तिने विचारलं, काय झालं? मावशी म्हणाल्या, उपास आहे त्यांचा. सिस्टर म्हणाली, मग थकल्या असतील, पडू द्या जरा. मावशींना वाटलं आपण सांगितलं. सिस्टरला वाटलं आपण ऐकलं. उपास हा शब्द सिस्टरच्या कानावर पडला, पण दीड तासापूर्वी दिलेल्या गोळीशी त्याची गाठ पडली नाही. एका मजल्यावर बत्तीस माणसं, त्यातली बरीचशी तिने त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलेली. गाठ पडायची कशी?

मी तो तक्ता मागून घेतला. (मास्तरीण गेली तरी वह्या तपासायची खोड जात नाही.) डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतं "१-०-०, नाश्त्याआधी". आपल्याकडे ही भाषा सगळ्यांना येते, सकाळी एक, दुपारी नाही, रात्री नाही. आता हा जो पहिला "१" आहे तो खरं म्हणजे नाश्त्याला बांधलेला आहे. पण चिठ्ठीवरून तक्त्यावर उतरवताना कोणीतरी लिहिलं, "स. ८.३०". नाश्ता गेला आणि घड्याळ आलं. रोज नाश्ता पावणेनऊलाच येत असल्यामुळे तीन वर्षं हा फरक कोणाला दिसलाच नाही. ज्या दिवशी नाश्ता आला नाही त्या दिवशी घड्याळ मात्र वेळेवर आलं.

तक्त्यावर खुणा सगळ्या बरोबर होत्या. एकही चौकोन रिकामा नव्हता. मी ३३ वर्षं वह्यांवर बरोबरच्या खुणा केल्या आहेत, म्हणून सांगते, इतक्या स्वच्छ खुणा बघितल्या की मला शंका येते. गोळी दिली याची खूण तिथे होती. ती पोटात गेली का, पोटात आधी काही होतं का, नंतर माणूस कसा होता, यातलं काहीच लिहायला जागा नव्हती.

मावशींनीच मग मला आणखी एक गोष्ट सांगितली. वरच्या मजल्यावरच्या एक आजी गोळी गालात धरून ठेवतात, सिस्टर वळली की काढतात आणि उशीच्या अभ्र्यात टाकतात. अभ्रा धुवायला काढताना मावशींना गोळ्या सापडतात. तक्त्यावर रोज खूण. महिन्याने डॉक्टर येतात, ब्लडप्रेशर वाढलेलं दिसतं, गोळी जास्त ताकदीची करतात. आता समजा सुट्टीवरून परतलेल्या सिस्टरने समोर उभं राहून, पाणी पाजून, ती मोठी गोळी खरोखर गिळायला लावली तर? मी विचारलं, "हे तुम्ही सांगितलं नाही का कोणाला?" त्या म्हणाल्या, "मागं एकदा सांगितलं होतं, दुसऱ्या कोणाचं. औषधांत लक्ष घालू नका, म्हणाले."

मला इथे माझी शाळा आठवली. शाळेत सूचना वही असायची. मुख्याध्यापक तीत सूचना लिहायचे, शिपाई ती वही घेऊन वर्गावर्गात फिरायचा, आणि आम्ही शिकवता शिकवता सही करायचो. सही म्हणजे वाचल्याची पोच. खरं सांगू? निम्म्या वेळा आम्ही वाचत नसू. खडू खाली ठेवायचा नाही, डाव्या हाताने वही धरायची, वर कोणाकोणाच्या सह्या झाल्यात ते बघायचं आणि खाली आपली ठोकायची. एकदा अशाच एका सूचनेत होतं की अमुक इयत्तेच्या एका मुलाला फिट येतात, त्याला मैदानावर उन्हात उभं करू नये. मी सही केली होती. आठवड्याने मीच त्याला कवायतीच्या रांगेत उभा केला. पोरगं पडलं. जिभेला टाके पडले. मुख्याध्यापकांनी वही उघडली, माझी सही दाखवली, आणि एक शब्द बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ही गोष्ट मी आजवर घरातही फारशी बोललेले नाही.

म्हणून त्या बदली सिस्टरला काढा असं म्हणायला माझी जीभ रेटेना. आणि दुसरंही कारण आहे. माईंना दाखल करताना फॉर्म मी भरला होता. "आहार" या रकान्यात मी लिहिलं, शाकाहारी, साखर वर्ज्य, भात कमी. उपासांचं लिहिलं नाही. एकतीस आषाढ्या ज्या बाईला पाण्यावर राहताना पाहिलं, तिचा उपास मला लिहिण्यासारखा वाटला नाही. घरात तो सगळ्यांना माहीत असतो ना! घरात काही गोष्टी कोणी कोणाला सांगत नाही, पण त्या गोळी देणाऱ्या हातापर्यंत आपोआप पोचतात, कारण स्वयंपाक करणारी, गोळी देणारी आणि अंग पुसणारी एकच बाई असते. आश्रमात ही तीन कामं तीन माणसं करतात. मग त्या तिघांमध्ये काहीतरी रस्ता हवा. तो नसतो, आणि नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आश्रमाने काय केलं ते सांगते. व्यवस्थापकांनी मनावर घेतलं, नाही असं नाही. मजल्यावर दोन कॅमेरे लावले. आणि तक्त्यावर एका सहीच्या जागी दोन सह्या केल्या, देणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. मला हे ऐकून पुन्हा सूचना वहीच दिसली. त्या रविवारी दुसरी सही असती तर काय झालं असतं? दोघींनी मिळून बरोबर गोळी, बरोबर माणसाला, बरोबर वेळेला दिली असती. कॅमेऱ्यातही ते अगदी स्वच्छ दिसलं असतं.

माझी भाची इंग्लंडमध्ये अशाच एका केअर होममध्ये नर्स आहे. तिला मी हे सगळं कळवलं. ती म्हणाली, आत्या, आमच्याकडेही फार वेगळं आहे असं समजू नकोस. तिने मला तिकडच्या एका पाहणीबद्दल सांगितलं, २००९ साली प्रसिद्ध झालेली. ५५ केअर होममधल्या २५६ माणसांची औषधं तपासली, तर दहातल्या जवळजवळ सात जणांच्या बाबतीत काही ना काही चूक निघाली. सगळ्याच चुका जिवावरच्या नव्हत्या, पण चुका होत्या. आणि कारणं कोणती? कामाचा बोजा, औषधांचं शिक्षण नाही, गोळ्या वाटताना सतत मध्ये अडवणारी माणसं, डॉक्टरांना माणूसच नीट माहीत नसणं, आणि डॉक्टर, औषधवाला आणि होम यांचा आपसात मेळ नसणं. वाचताना वाटलं, इंग्लंडात बसून कोणीतरी आपल्याच आश्रमाचं लिहितंय. तोंडी निरोपांवर भिस्त, हेही त्या कारणांत आहे. ते मला थोडं टोचलं, कारण मी तोंडी बोलण्याच्याच बाजूने लिहायला निघाले होते.

तिच्याकडच्या तक्त्यात एक गोष्ट मात्र आहे जी मला फार आवडली. गोळी दिली तर सही, आणि दिली नाही तर का नाही त्याचं अक्षर लिहायचं. नको म्हणाले, झोपले होते, उलटी झाली, हॉस्पिटलात आहेत. म्हणजे गोळी न देणं हेही एक काम आहे, त्यालाही जागा आहे. आपल्याकडच्या तक्त्यात रिकामा चौकोन म्हणजे सिस्टरची चूक. मग कोण रिकामा ठेवेल?

कायद्याचं म्हणाल तर पुतण्याने सगळं शोधून पाठवलं. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा मुलांनी आईवडिलांना पोसण्याबद्दल आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान एक वृद्धाश्रम असावा असं त्यात आहे. अशा संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, पण २०२४ मध्ये त्या लोकसभेची मुदत संपेपर्यंत ते मंजूर झालं नाही. असो. कायदा आला तर हवाच आहे. पण त्याने त्या रविवारी दहा वाजता मावशींचं बोलणं सिस्टरच्या डोक्यात शिरलं असतं का, मला शंका आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की मावशींना विचारा. सिस्टर चोवीस तासांत एका माणसाजवळ किती वेळ उभी राहते? गोळी द्यायला दोन मिनिटं, बीपी बघायला तीन. मावशी त्या माणसाला उठवतात, न्हाऊ घालतात, केस विंचरतात, भरवतात, चादर बदलतात. काल खाल्लं की नाही, लघवी कमी झाली का, पाय सुजलेत का, बोलणं तुटक झालंय का, हे त्यांच्या हातांना कळतं. आणि पाळी बदलताना एक सिस्टर दुसऱ्या सिस्टरला रजिस्टर देते तेव्हा मावशी तिथे नसतात. त्या बादल्या भरत असतात.

हे मी व्यवस्थापकांना सांगितलं. पाळी बदलताना पाच मिनिटं. आधी मावशींनी बोलायचं, सिस्टरने ऐकायचं आणि लिहायचं. मावशींना लिहिता येत नाही हे कारण सांगू नका, बोलता येतं ना? सकाळी ट्रे निघण्याआधी स्वयंपाकघरातून एक चिठ्ठी, आज कोणाचं ताट नाही. तेवढ्यांच्या साखरेच्या गोळ्या थांबवायच्या आणि डॉक्टरांना फोन करून विचारायचं. आपल्या मनाने द्यायच्याही नाहीत आणि कायमच्या बंदही करायच्या नाहीत.

व्यवस्थापक म्हणाले, "काकू, कल्पना चांगली आहे, पण पाच मिनिटं म्हणजे आठ बायकांची चाळीस मिनिटं होतात." हिशोब बरोबर होता. बत्तीस माणसांमागे दिवसा एक सिस्टर आणि चार मावशी, यात ती चाळीस मिनिटं आणायची कुठून? आपण घरची मंडळी आश्रम निवडताना खोलीत एसी आहे का, बाग आहे का, महिन्याचे पैसे किती, एवढंच विचारतो. मीही तेच विचारलं होतं. रात्री किती सिस्टर असतात, रविवारी कोण असतं, ब्युरोची सिस्टर आली तर तिला कोण समजावून सांगतं, हे मी विचारलं नव्हतं. हे प्रश्न आपण विचारत नाही तोवर त्या चाळीस मिनिटांचा पगार कोणी देणार नाही. पुतण्यालाही मी हेच लिहिलं. महिन्याला थोडे जास्त दे आणि कशासाठी देतोस ते स्पष्ट सांग. त्याने दिले. आणखी दोन कुटुंबांनी दिले. बाकीच्यांनी फोन उचलले नाहीत.

ती पाच मिनिटं श्रावणभर चालली. गणपतीत बंद पडली, कारण निम्म्या मावशी गावी गेल्या. दिवाळीच्या आधी मी पुन्हा जाऊन डोकं खाल्लं तेव्हा परत सुरू झाली. सध्या सकाळची होते, रात्रीची होत नाही. उशीच्या अभ्र्यातल्या गोळ्यांचं त्यातूनच उघडकीला आलं. डॉक्टरांनी त्या आजींच्या सात गोळ्यांच्या चार केल्या आणि गिळायला सोप्या अशा दिल्या.

माईंची ग्लिमेपिराइड बंद झाली. आता दुसरी गोळी आहे, तिने एकटीने साखर एवढी खाली जात नाही म्हणतात. डॉक्टरांनी असंही सांगितलं की ८४ व्या वर्षी साखर जराशी वर राहिली तर चालेल, एकदम खाली गेलेली चालणार नाही. नेहमीच्या सिस्टरने औषधांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला कॅलेंडर लावलंय. त्यावर माईंच्या दोन एकादश्या, एका आजोबांच्या चतुर्थ्या, आणि दुसऱ्या एका बाईंचे रोजे, असं लाल पेनाने लिहून ठेवलंय. मला न विचारता लावलं तिने.

माईंना तो दिवस फारसा आठवत नाही. पण काहीतरी पाजलं गेलं एवढं आठवतं. अजूनही मी गेले की मध्येच विचारतात, "काय गं, त्या दिवशी पेल्यात नक्की काय होतं?"

"तीर्थ," मी म्हणते.

"गोड होतं," त्या म्हणतात, आणि माझ्याकडे बघत राहतात.